तुंबलेले संदेश : नौदलाच्या रेडिओ-दळणवळणातील अनुशेष कसा उपसावा

प्रश्न असा आहे : मोठा सराव, युद्धप्रसंग किंवा चक्रीवादळासारखे संकट आले की नौदलाच्या किनाऱ्यावरील दळणवळण केंद्रात शेकडो संदेश साचतात. ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या रीतीने मार्गी लावायचे, आणि उपग्रह आल्यानंतरही हा प्रश्न उरला आहे का? माझी उमेदीची वर्षे नौदलाच्या दळणवळण शाखेतच गेली, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. एक खुलासा आधीच करतो. भारतीय नौदलाच्या आजच्या कार्यपद्धतीविषयी मी इथे काही लिहिणार नाही. ते उचित नाही आणि त्याची गरजही नाही, कारण या प्रश्नाचा गाभा मोर्सच्या काळापासून फारसा बदललेला नाही, आणि दोस्त राष्ट्रांच्या नौदलांचा इतिहास व त्यांच्या प्रशिक्षण-पुस्तिकांतील नियम उघडपणे वाचायला मिळतात. उदाहरणे मी तिथूनच घेतली आहेत.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. तुंबारा दिसतो ट्रान्समीटरपाशी, पण तो तयार होतो संदेश लिहिणाऱ्याच्या टेबलावर. म्हणून तो उपसण्याचे निम्म्याहून अधिक काम रेडिओ-कक्षाच्या बाहेर, फोनवर आणि अधिकाऱ्यांच्या दारात करावे लागते. ज्या सुपरवायझरला फक्त यंत्रे सांभाळता येतात, त्याच्या वॉचमध्ये, म्हणजे कामाच्या पाळीत, अनुशेष संपत नाही.

हे पटण्यासाठी थोडा हिशेब करून पाहू. जुन्या टेलिप्रिंटर-वाहिनीचा वेग ७५ बॉड असे, म्हणजे मिनिटाला साधारण १०० शब्द. शीर्षकासह संदेश २०० शब्दांचा धरला, तर एका संदेशाला दोन मिनिटे लागतात आणि तासाला ३० संदेश जातात. समजा, तासाला २५ संदेश येत आहेत. कागदावर पाहिले तर वाहिनीला अजून श्वास घ्यायला जागा आहे. आता संध्याकाळी सहा वाजता फ्रीक्वेन्सी कोसळली आणि रात्री दहापर्यंत संपर्क जुळला नाही. चार तासांत १०० संदेश साचले. दहा वाजता वाहिनी सुरू झाली, तरी नवे २५ येतच आहेत, त्यामुळे जुन्या साठ्यातून तासाला फक्त पाच कमी होतात. शंभर संदेश उपसायला वीस तास लागतात, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे सहा वाजतात, आणि त्याच वेळी आकाश पुन्हा दगा द्यायला लागते. असे केंद्र आठवडाभर शर्थीने राबते, एकही मिनिट वाया घालवत नाही आणि तरीही कायम एक दिवस मागे राहते.

दुसरी वाहिनी मिळाली तर हेच काम तीन तासांच्या आत उरकते, हे मान्य आहे. क्षमतेला महत्त्व नाही असे मी म्हणणार नाही. पण ज्या प्रसंगी अनुशेष तयार होतो, त्याच प्रसंगी दुसरी वाहिनी दुसऱ्या कोणाला तरी दिलेली असते. हातात असलेला उपाय वेगळाच आहे. येणारे संदेश २५ वरून १५ वर आणले, तर साठा तासाला १५ ने उतरतो आणि पहाटे पाचच्या आधी टेबल मोकळे होते. वीस तासांचे पावणेसात तास झाले, आणि त्यासाठी यंत्राला हातही लावावा लागला नाही.

शॉर्टवेव्हवर काम केलेल्यांना सहाची वेळ ओळखीची वाटेल. दिवसा आयनावरणाचा, म्हणजे रेडिओ-लहरी जमिनीकडे परतवणाऱ्या उंचावरील आवरणाचा, खालचा थर कमी फ्रीक्वेन्सी शोषून घेतो, म्हणून वरच्या फ्रीक्वेन्सीवर काम चालते. सूर्य मावळला की वरच्या फ्रीक्वेन्सी आयनावरणातून परत येईनाशा होतात आणि खाली उतरावे लागते. हा बदल किनारा आणि जहाज यांनी एकाच वेळी, ठरल्याप्रमाणे केला नाही, तर अर्धा-पाऊण तास एकमेकांना हाका मारण्यात जातो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मे महिन्यात वळवाच्या विजा सुरू झाल्या की खालच्या फ्रीक्वेन्सीवर कडकडाट इतका वाढतो की रात्रीची फ्रीक्वेन्सी नावापुरतीच उरते. अशा रोज घडणाऱ्या खंडाला बिघाड म्हणू नये. तो वेळापत्रकातच धरलेला असावा, आणि मोठे, बिनघाईचे संदेश त्या वेळेच्या तोंडावर स्वीकारूच नयेत.

आता अग्रक्रमाकडे येतो, कारण खरा घोळ तिथे होतो. दोस्त राष्ट्रांच्या पद्धतीत चार पायऱ्या आहेत : फ्लॅश, इमिजिएट, प्रायॉरिटी आणि रुटीन. अमेरिकी नौदलाच्या प्रशिक्षण-पुस्तिकांत त्यांच्यासाठी वेळा दिल्या आहेत. फ्लॅश शक्य तितक्या लवकर, दहा मिनिटांच्या आत पोहोचवण्याचे उद्दिष्ट. इमिजिएट अर्ध्या तासात. प्रायॉरिटी तीन तासांत. रुटीन सहा तासांत. एकाच संदेशाला दोन अग्रक्रम देण्याची सोयही आहे. ज्याने कृती करायची त्याच्यासाठी इमिजिएट, आणि ज्यांना फक्त माहितीसाठी प्रत जायची त्यांच्यासाठी रुटीन. ही सोय फार मोलाची आहे आणि नेमकी तीच फारशी कोणी वापरत नाही, कारण मसुदा करणाऱ्याला वाटते की माहितीच्या यादीतील वरिष्ठाला आपला संदेश उशिरा मिळाला तर आपले कसे होईल.

अग्रक्रमामुळे एक मिनिटही नवे निर्माण होत नाही. असलेला वेळ फक्त वाटला जातो. एकाला पुढे काढले की त्याची वाट पाहण्याची वेळ दुसऱ्याच्या माथी बसते. वरच्याच उदाहरणात २५ पैकी पाच संदेश इमिजिएट असतील, तर चार तासांच्या खंडानंतर त्यांचा साठा २० असतो आणि तो पाऊण तासाच्या आसपास संपतो. वाहिनी जुळल्यापासून मोजले, तर अर्ध्या तासाचे उद्दिष्ट चुकले तरी थोडक्यात चुकते. पण २५ पैकी २० इमिजिएट असले, तर साठ्यात ८० इमिजिएट असतात, तासाला आणखी २० येत राहतात, आणि ते संपायला आठ तास लागतात. एस.टी. स्थानकात प्रत्येकाने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली की रुमालाला काही अर्थ उरत नाही, तसेच हे होते. त्यानंतर मसुदा करणारे फ्लॅशकडे वळतात, आणि शत्रुदर्शनासाठी राखून ठेवलेल्या फ्लॅशच्या जागेवर रसदीची विचारणा येऊन बसते.

लेयते आखाताची लढाई हे याचे सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. ऑक्टोबर १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, फिलिपिन्सपाशी अमेरिकेच्या अॅडमिरल हॅल्सी यांचे तिसरे आरमार आणि अॅडमिरल किंकेड यांचे सातवे आरमार शेजारी-शेजारी लढत होते, पण पहिले नौदलाच्या अॅडमिरल निमिट्झ यांच्या हाताखाली आणि दुसरे लष्कराच्या जनरल मॅकार्थर यांच्या. दोघांमध्ये थेट वाहिनी नव्हती. त्यांचे संदेश मॅनस बेटावरील केंद्रातून फिरून जात, आणि तिथे तातडीच्या संदेशांचा ढीग साचलेला असे. २५ ऑक्टोबरला पहाटे ४:१२ वाजता किंकेड यांनी विचारले की सॅन बर्नार्डिनो सामुद्रधुनीवर टास्क फोर्स ३४, म्हणजे हॅल्सी यांचा युद्धनौकांचा ताफा, पहारा देत आहे का. हा प्रश्न हॅल्सी यांच्या हाती पडला ६:४८ ला. उत्तर नकारार्थी होते, आणि ते पोहोचेपर्यंत जपानी युद्धनौका समारच्या किनाऱ्याजवळ छोट्या विमानवाहू जहाजांवर तोफा डागत होत्या. पुढच्या काही तासांत किंकेड यांच्या मदतीच्या हाका हॅल्सी यांना उशिरा आणि उलटसुलट क्रमाने मिळत गेल्या. लढाईचा दोष केवळ दळणवळणावर टाकता येणार नाही. सेनापतींनी एकमेकांविषयी धरलेली गृहीतके त्याहून मोठी चूक होती. तरीही आमच्या व्यवसायासाठी त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ढिगातील सारेच संदेश तातडीचे असले, तर सर्वांत तातडीचा संदेश ओळखण्यासाठी मजकूर समजणारा माणूसच लागतो. आणि उशिरा आलेल्या संदेशाची लिहिल्याची तारीख-वेळ वाचणाऱ्याच्या नजरेत ठसठशीत भरली पाहिजे, नाहीतर दोन तासांपूर्वीची परिस्थिती तो आत्ताची समजतो.

उलटी चूकही तितकीच घातक ठरते. ७ डिसेंबर १९४१ रोजी अमेरिकी लष्करप्रमुख जनरल मार्शल यांचा इशारा वॉशिंग्टनहून हवाईला पाठवायचा होता. लष्कराची रेडिओ-वाहिनी त्या वेळी लागत नव्हती, म्हणून तो व्यापारी तार कंपनीकडून गेला. होनोलुलूच्या तार कार्यालयात तो स्थानिक वेळेनुसार ७:३३ ला आला. पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला ७:५५ ला सुरू झाला. पाकिटावर तातडीची कोणतीच खूण नव्हती, त्यामुळे तो इतर तारांबरोबर मोटारसायकलवरून निघाला आणि हल्ला होऊन गेल्यावर पोहोचला. बावीस मिनिटांत काय साधले असते हा वादाचा विषय आहे. पण निरोप्याने पाकिटे कोणत्या क्रमाने वाटायची हे फक्त त्या खुणेनेच ठरणार होते.

प्रत्यक्ष वॉचवर काय करावे, हे आता सांगतो. साचलेले केंद्र ताब्यात घेतल्यावर पहिला प्रश्न सहसा विचारला जातो तो ‘किती बाकी आहेत’ हा. मी तो आकडा दुय्यम मानतो. मला आधी दोन गोष्टी हव्या असतात : प्रत्येक अग्रक्रमातील सर्वांत जुना संदेश किती वाजताचा आहे, आणि सगळ्या साठ्याला मिळून वाहिनीवर किती वेळ लागेल. चाळीस छोटे संदेश तासाभरात जातात. सुट्या भागांची एकच यादी तेवढाच वेळ खाते. इमिजिएटमधला सर्वांत जुना संदेश वीस मिनिटांचा असेल, तर तीनशे रुटीन पडून असले तरी केंद्र ठीक चालले आहे. तोच तीन तासांचा असेल, तर एकूण संदेश तीसच असले तरी प्रकरण गंभीर आहे.

दुसरे काम म्हणजे वाहिनीची तपासणी. साठा पाहून घाबरलेला ऑपरेटर खराब वाहिनीवरही भरभर पाठवू लागतो. मग निम्म्या जहाजांकडून पुन्हा पाठवा अशा मागण्या येतात आणि भार दुप्पट होतो. मोर्सवर मिनिटाला २५ शब्दांनी दोनदा पाठवण्यापेक्षा १८ शब्दांनी एकदाच पाठवलेले केव्हाही लवकर पोहोचते. संकेत निवळेपर्यंत थांबून त्या वेळात वर्गवारी केलेली बरी.

वर्गवारी हे तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम. ते यंत्रावर बसलेल्या मुलाकडे देऊ नये. त्यासाठी एक अनुभवी माणूस मोकळा करावा, मग एक वाहिनी थोडा वेळ सुपरवायझरने स्वतः चालवली तरी चालेल. जुन्या टेलिप्रिंटर-केंद्रात हे काम डोळ्यांना दिसत असे. आलेला संदेश छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर उतरे, ऑपरेटर ती फीत टरकन फाडून घेई, छिद्रांवरूनच शीर्षक वाची आणि पुढच्या वाहिनीच्या खुंटीवर अग्रक्रमानुसार टांगून ठेवी. रात्री साठा वाढला की भिंतीवर फितींच्या झिरमिळ्या लोंबत आणि कोणत्या जहाजाची खुंटी फुगली आहे हे दारातून कळे. संगणकाच्या रांगेत ही फुगवटी दिसत नाही, म्हणून तिथे सर्वांत जुना संदेश आधी अशी लावलेली यादी दर तासाला मुद्दाम काढावी लागते.

अनुभवी माणूस ढीग वाचायला बसला की ठरावीक प्रकार हाती लागतात. काहींची वेळ टळून गेलेली असते : काल दुपारी जहाज लावायला बंदरात धक्का मिळावा अशी मागणी, मुदत संपलेला हवामानाचा अंदाज, पार पडलेल्या बैठकीची सूचना. काही नव्या संदेशाने बाद झालेले असतात. सहा तासांपूर्वीचा परिस्थिती-अहवाल ताज्या अहवालाच्या पुढे पाठवण्यात अर्थ नसतो. काही एकच संदेश दोनदा आलेले असतात, कारण पोच न मिळाल्याने धास्तावलेल्या कार्यालयाने तो दुसऱ्या मार्गानेही पाठवलेला असतो. आणि काही रेडिओवर यायलाच नको होते.

मात्र, यांपैकी एकही संदेश परस्पर रद्द करू नये. संदेश लिहिणाऱ्याचा असतो, केंद्राचा नसतो. फोन उचलायचा आणि ड्यूटी ऑफिसरला शांतपणे विचारायचे : “सर, तुमचा ०९३० चा संदेश अजून गेलेला नाही आणि रात्री दोनच्या आधी जाणार नाही. आता त्याचा उपयोग आहे का?” बहुतेक वेळा पलीकडून क्षणभर शांतता आणि मग ‘रद्द करा’ असे उत्तर येते. ज्यांना उपयोग असतो, त्यांना तिथेच दुसरा प्रश्न करायचा : हे चार ओळींत सांगता येईल का? ‘संदेश लवकर पाठवा’ असा आग्रह धरणारा अधिकारी, ‘छोटा केलात तर लगेच जाईल’ असे ऐकल्यावर आश्चर्यकारक वेगाने कात्री चालवतो. रद्द झालेल्या संदेशाची वेळ, कोणाच्या सांगण्यावरून झाला आणि कोणी नोंदवला, हे लॉगमध्ये लिहिल्याशिवाय तो ढिगातून उचलायचा नाही.

एकाच अग्रक्रमात आधी आलेला आधी, हा नियम मी सहसा मोडत नाही, कारण एकदा तो मोडला की प्रत्येक फोन करणाऱ्याचा संदेश वर येऊ लागतो आणि ज्यांना फोन करता येत नाही, म्हणजे जहाजे, ती मागे राहतात. अपवाद एकच. एखादा आदेश आणि त्याच्या तीन दुरुस्त्या साठ्यात एकापाठोपाठ पडून असतील, तर त्या तशाच पाठवणे म्हणजे जहाजावर गोंधळाची हमी, विशेषतः वाहिन्या दोन असतील आणि दुरुस्ती आदेशाआधी पोहोचणार असेल तर. लिहिणाऱ्याकडून चारही एकत्र करून घ्यावेत आणि आधीचे रद्द करावेत.

लांब संदेशांना वेगळी वाट शोधावी. १९९१ च्या आखाती युद्धात रोजचा हवाई मोहिमांचा आदेश शेकडो पानांचा असे, आणि अमेरिकी विमानवाहू जहाजांकडे तो घेण्याजोगी वाहिनीच नव्हती. शेवटी तो आदेश विमानाने जहाजांवर नेऊन दिला जाऊ लागला. त्यावर पुढे बरीच टीका झाली, आणि दोन सेवांच्या प्रणाली एकमेकींशी जुळत नाहीत ही टीका रास्तच होती. पण त्या वेळच्या दळणवळण अधिकाऱ्यांचा निर्णय मला योग्य वाटतो. शेकडो पाने संदेशवाहिनीत ढकलली असती, तर त्यामागे उभे असलेले सारे काही अडकले असते. हेलिकॉप्टर जाणार असेल, रसदनौका भेटणार असेल, जहाज उद्या सकाळी बंदरात लागणार असेल, तर ती माहिती सुपरवायझरच्या फळ्यावर लिहिलेली असली पाहिजे.

येणारा ओघ कमी करण्याचे अधिकृत हत्यार म्हणजे दोस्त राष्ट्रांच्या पद्धतीतील ‘मिनिमाइझ’ची घोषणा. संकटकाळात सेनापती ती जारी करतो, आणि मग त्या क्षेत्राकडे जाणारा प्रत्येक संदेश खरोखर आवश्यक आहे, अशी खात्री करूनच सोडावा लागतो. आधी केलेल्या हिशेबातील २५ चे १५ करण्याचा हाच मार्ग. घोषणा मात्र लवकर व्हायला हवी. साठा शिगेला गेल्यावर केलेल्या घोषणेचा परिणाम दिसायला काही तास लागतात, आणि तोवर सेनापतीला वाटते की उपाय फसला. ती उठवतानाही सावध राहावे लागते. बंदीच्या काळात कार्यालयांनी रोखून धरलेले सारे संदेश उठवल्याच्या पहिल्या तासात एकदम येऊन आदळतात. एकाच फटक्यात सगळे मोकळे करण्याऐवजी आधी प्रायॉरिटी, काही तासांनी रुटीन, असे टप्पे ठरवून घ्यावेत.

आतापर्यंत किनाऱ्याच्या बाजूने लिहिले. जहाजाची बाजू वेगळी आहे, कारण युद्धात जहाज गप्प असते. बोलले की त्याची दिशा शत्रूला कळते. म्हणून किनारा आरमारासाठी ब्रॉडकास्ट चालवतो : प्रत्येक संदेशाला अनुक्रमांक असतो, जहाजे ऐकतात आणि उतरवून घेतात, पोच देत नाहीत. जहाजाच्या ऑपरेटरला आपले काही हुकले हे फक्त क्रमांकातील खंडावरून कळते. ४१७ नंतर ४१९ आला, तर ४१८ हवा. तो मागायचा म्हणजे मौन मोडायचे किंवा बंदर येईपर्यंत थांबायचे. किनाऱ्याने अशा वेळी मागील क्रमांकांची यादी, प्रत्येकाचा अग्रक्रम आणि कोणासाठी होता यासह, नियमित पाठवली तर जहाजाला समजते की ४१८ आपल्यासाठी नव्हताच, आणि मागणी उद्भवतच नाही. घाईच्या काळात हीच यादी वेळखाऊ म्हणून आधी बंद करण्याचा मोह होतो, आणि त्यातून उद्भवलेल्या मागण्या वाचवलेल्या वेळेच्या कितीतरी पट वेळ खातात.

जहाजावरून बाहेर जाणाऱ्या संदेशांचा साठाही केवळ रेडिओ-कक्षाचा विषय राहत नाही. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश विनाशिका शेफील्डवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले आणि २० जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी जहाजाचे उपग्रह-प्रक्षेपण चालू होते, आणि त्याच्या व्यत्ययामुळे शत्रूच्या रडारची चाहूल घेणारे उपकरण आपले काम करू शकत नव्हते. जहाजावरचे अडकलेले संदेश केव्हा सोडायचे, हे म्हणूनच कप्तानाला किंवा युद्धकक्षातील अधिकाऱ्याला विचारून ठरते. ‘वाहिनी मोकळी आहे’ एवढे कारण पुरत नाही.

काही तुंबारे कोणत्याच रांगेत दिसत नाहीत. सांकेतिक लिपी उलगडणाऱ्या टेबलावर, प्रती काढणाऱ्याकडे, वाटप करणाऱ्याच्या पेटीत संदेश पडून असतो आणि रेडिओचा लॉग सांगतो की तो ‘वेळेवर पोहोचला’. चुकीच्या ठिकाणी गेलेला संदेश तर कोणाच्याच साठ्यात मोजला जात नाही. ८ जून १९६७ रोजी अमेरिकेचे लिबर्टी हे जहाज सिनाईच्या किनाऱ्याजवळ असताना इस्रायली विमाने आणि टॉर्पेडो-नौकांनी त्याच्यावर हल्ला केला. ३४ जण मारले गेले. त्याला किनाऱ्यापासून दूर हटण्याचे आदेश हल्ल्याच्या आधीच निघाले होते. पण भूमध्य समुद्रातील आरमारासाठीचा एक संदेश चुकीच्या मार्गाने फिलिपिन्समधील केंद्राकडे गेला, इतर प्रतीही रेंगाळल्या, आणि जहाजाला आदेश वेळेत मिळाला नाही. १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने या प्रकरणावर अत्यंत कडक ताशेरे ओढले. माझ्या दृष्टीने यातील धडा पोच मागण्याविषयीचा आहे. ज्या आदेशावर जहाजाचे स्थान अवलंबून आहे, तो ‘सुटला’ यावर लिहिणाऱ्याने समाधान मानू नये. अमुक वेळेपर्यंत पोच आली नाही तर दुसऱ्या मार्गाने विचारायचे, हे तो देतानाच ठरलेले असावे. जहाज एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाते आणि त्याचा ब्रॉडकास्ट बदलतो, तो दिवस तर विशेष जोखमीचा असतो. जुन्या केंद्राला वाटते नवे पाठवील, नव्याला वाटते जुन्याने पाठवले असेल. बदलानंतर काही तास दोन्हीकडून पाठवणे हा दुप्पट खर्च असला तरी मी तो नेहमी पत्करेन.

उपग्रहाने प्रश्न संपवला का? क्षमता प्रचंड वाढली, यात शंका नाही. भारतीय नौदलासाठीचा जीसॅट-७ हा उपग्रह ३० ऑगस्ट २०१३ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून सोडला गेला, आणि भर समुद्रातील जहाजाशी आकाशाची मर्जी न सांभाळता बोलता येऊ लागले. पण अमेरिकी आरमाराचा उपग्रह-ब्रॉडकास्ट १९७० च्या दशकात सुरू झाला तेव्हा त्यावरही ७५ बॉडच्याच वाहिन्या होत्या. रस्ता नवा, गाड्या जुन्याच. वेग वाढल्यावर संदेशांचा आकार वाढला, सोबत चित्रे आणि सादरीकरणे आली, आणि माहितीसाठीच्या प्रतींची यादी एका बोटाच्या दाबाने दहापट होऊ लागली. आज तुंबारा वाहिनीवर कमी आणि वाचणाऱ्यासमोर जास्त असतो. कप्तानाला सकाळी शेकडो संदेश ‘वेळेवर’ मिळतात आणि त्यातला कामाचा दुपारी सापडतो.

पाणबुड्यांच्या बाबतीत तर जुने जगच चालू आहे. पाण्याखाली काही मीटरपर्यंत पोहोचतात त्या अतिनीच फ्रीक्वेन्सीच्या लहरी. त्यासाठीचे आपले केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन येथे १९९० पासून आहे. अशा वाहिनीवर वेग मुळातच कमी असतो. त्याहून खोल जाणाऱ्या लहरींसाठी अमेरिकेने विस्कॉन्सिन आणि मिशिगन येथून ७६ हर्ट्झवर जी प्रणाली २००४ पर्यंत चालवली, तिच्यावर तीन अक्षरांचा एक गट पाठवायला सुमारे पंधरा मिनिटे लागत. पाणबुडी उत्तर देत नाही आणि केव्हा ऐकेल हेही नक्की नसते, म्हणून एकच संदेश ठरावीक वेळांना पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो. इथे प्रत्येक पुनरावृत्ती रांगेतील नव्या संदेशाइतकीच जागा अडवते. त्यामुळे कोणता संदेश किती वेळा पाठवायचा आणि केव्हा थांबवायचा, याची तारीख-वेळ तो स्वीकारतानाच लिहून घ्यावी. नाहीतर कालबाह्य संदेश कित्येक दिवस फिरत राहतात आणि नव्याला जागा मिळत नाही.

शेवटी, साठा अर्धवट असताना वॉच बदलण्याविषयी. थकलेला माणूस ‘शंभरेक रुटीन राहिलेत, बाकी ठीक’ असे सांगून निघतो, आणि नव्या माणसाचा पहिला तास तेच ढीग पुन्हा वाचण्यात जातो. सोपवताना लेखी हवे ते एवढे : प्रत्येक अग्रक्रमातील सर्वांत जुन्या संदेशाची वेळ; कोणत्या कार्यालयांना फोन झाले आणि कोणाचे उत्तर बाकी आहे; कोणाच्या संमतीने काय रद्द केले; कोणत्या जहाजाकडून नेहमीच्या वेळेला काही ऐकू आलेले नाही; कोणते क्रमांक पुन्हा मागितले गेले आहेत; आणि पुढची फ्रीक्वेन्सी किती वाजता बदलायची आहे. हा कागद हातात पडून त्यावर दोघांच्या सह्या होईपर्यंत नव्या सुपरवायझरने खुर्ची घेऊ नये.